कासारेसाहेब डोळे मागतात

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजारी पडलं की घरचे लोक दोन गोष्टी करायचे. एक, डॉक्टरला बोलावणं. दोन, कासारेसाहेबांना कळणार नाही याची काळजी घेणं. यातली दुसरी जास्त अवघड होती.

माजी नगरसेवक रघुनाथ कासारे आमच्या समोरच्याच दारात राहायचे. आजारी माणसाच्या घरी ते यायचे, चपला बाहेर काढायचे, कॉटपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि अगदी मऊ आवाजात विचारायचे, "काय म्हणते तब्येत?" यात खरं तर वावगं काही नाही. पण त्यांच्या शर्टाच्या खिशातून नेत्रदानाचे घडी घातलेले फॉर्म डोकावत असायचे, आणि आजारी माणूस कितीही तापात असला तरी त्याची नजर बरोबर तिथेच जायची.

तिसऱ्या मजल्यावरचे लिमये आजोबा एकदा न्यूमोनियाने अगदी हातचे जायला आले होते. तीन दिवस पेजेवर होते. चौथ्या दिवशी साहेब भेटीला गेले. आजोबांनी खिशाकडे पाहिलं, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "सुनबाई, मला पोळी वाढ." दोन पोळ्या त्यांनी साहेबांच्या देखत, त्यांच्यावरची नजर न काढता खाल्ल्या. आठवड्याने ते खाली फिरायला आले. औषधाचा गुण की साहेबांचा, यावर बिल्डिंगमध्ये दोन मतं होती.

पण डोळे हा साहेबांचा दुसरा धंदा. पहिला धंदा पाण्याचा.

आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून इथे आम्हाला वेगळं स्वयंपाकघर मिळालं, घरातला संडास मिळाला, बाल्कनी मिळाली. फक्त पाणी मिळालं नाही. नळ होते. चांगले चकचकीत होते, सासूबाई ते रोज पुसायच्या. पण पाणी टँकरने यायचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीने. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे. वर्गात मुलांना 'पाण्याची बचत' हा निबंध द्यायचे आणि घरी येऊन बादली घेऊन रांगेत उभी राहायचे.

त्या रांगेत समोरच्या दारातले कासारे असायचे. मूळचे मंडणगडकडचे, गोदीत कारकून होते. रांगेत नेहमी गप्प. एक दिवस टँकर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कासाऱ्यांनी आपलं रिकामं पिंप खांद्यावर घेतलं आणि चालत नगरपालिकेच्या कचेरीवर गेले. दारात पिंप पालथं घातलं आणि त्यावर बसले. घोषणा नाही, काही नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते फक्त म्हणायचे, "पिंप आणलंय." संध्याकाळपर्यंत तिथे तीसेक पिंपं जमली. टँकर आला.

पुढची निवडणूक आली तेव्हा कासारे अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं बादली. विरोधकांनी भिंतीवर लिहिलं, 'बादली आली, पाणी कुठाय?' पण लोकांना पिंप आठवत होतं. कासारे निवडून आले आणि त्या दिवसापासून त्यांचे साहेब झाले.

नगरसेवक झाल्यावर माणसाचं बोलणं बदलतं. साहेबांचं फारच बदललं. गप्प राहणारा हा माणूस आता साधी गोष्टसुद्धा मुद्द्यांमध्ये सांगायला लागला. "साहेब, जेवलात का?" असं विचारलं तर ते म्हणायचे, "पहिला मुद्दा असा, की जेवण तयार आहे. दुसरा मुद्दा, आमच्या मिसेस अजून कामावरून यायच्या आहेत." जिन्यात दोनपेक्षा जास्त माणसं भेटली की त्यांचा हात आपोआप वर जायचा आणि आवाज चढायचा. आणि कुणीही कसलीही तक्रार केली की डोळे मिटून, मान हलवून ते म्हणायचे, "नोंद घेतली."

गटार तुंबलंय. नोंद घेतली. दिवे गेलेत. नोंद घेतली. एकदा आमच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलं, की माझे गुडघे दुखतात. त्यांनी त्याचीही नोंद घेतली. ही नोंद नेमकी कुठे होते, हे मात्र कुणाला कधी दिसलं नाही. पुढच्या दिवाळीला प्रत्येक नळाला पाणी येईल, असं त्यांनी जाहीर सांगितलं होतं. दिवाळी कोणती, ते सांगितलं नव्हतं.

त्यांच्या पाच वर्षांत आम्हाला एक बसथांबा मिळाला, सिमेंटचे चार बाक मिळाले आणि स्टेशनच्या रस्त्याला एक मुतारी मिळाली. या सगळ्यांची उद्घाटनं त्यांनी फीत कापून केली, मुतारीचंसुद्धा. पाणी आलं ते पुढच्या नगरसेविकेच्या वेळी. साहेब म्हणायचे, "पाईप माझ्या वेळचे आहेत." ते खरंही होतं.

या पाच वर्षांत त्यांच्या घराचं ऑफिस झालं. बाहेरच्या खोलीत पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या आल्या, भिंतीला वॉर्डाचा नकाशा आला, आणि सकाळी सात ते रात्री जेवणापर्यंत माणसं आली. रेशनकार्ड हवं असलेली, शाळेत प्रवेश हवा असलेली, नुसतीच बसायला आलेली. कासारे वहिनी पोस्टात नोकरीला होत्या. घर चालायचं ते त्यांच्या पगारावर, कारण साहेबांनी गोदीतली नोकरी कधीच सोडली होती. संध्याकाळी सातला वहिनी यायच्या आणि आपल्याच घरात स्वयंपाकघरापर्यंत पोचायला अनोळखी माणसांना म्हणायच्या, "जरा सरकता का?" एकदा तर एका नव्या माणसाने त्यांनाच सांगितलं होतं, "बाई, नंबर लावा. आम्ही आधीपासून बसलोय." वहिनींनी खरंच नंबर लावला. अर्धा तास खुर्चीवर बसून राहिल्या. साहेबांनी "पुढचे!" म्हटल्यावर उठून आत गेल्या आणि विचारलं, "भाजी कुठली करू?"

वहिनी अशा होत्या. बोलणं कमी, पण नेमकं.

पुढच्या निवडणुकीला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तोवर साहेब एका पक्षात गेले होते. पक्षाची माणसं घरी आली आणि म्हणाली, "वहिनींना उभं करू. नाव त्यांचं, काम तुमचं." साहेबांना ते पटलं. मी तेव्हा साखर मागायला गेले होते, म्हणून वहिनींचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

"म्हणजे खुर्चीवर मी बसायचं आणि बोलायचं तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "त्यापेक्षा तुम्ही तुमच्या स्वतःच्या खुर्चीवर बसून गप्प राहा. मला जमणार नाही."

पक्षाची माणसं हसली. त्यांना वाटलं, बाई लाजतायत. वहिनी लाजत नव्हत्या.

मग साहेब हट्टाने दुसऱ्या वॉर्डातून उभे राहिले, मुर्धा गावाच्या बाजूने. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. एका म्हातारीने दारातच विचारलं, "तू कोनचा हाय?" साहेबांनी पहिला मुद्दा सुरू केला. म्हातारी म्हणाली, "आमच्या गावचा न्हाय, येवडंच सांग ना." डिपॉझिट गेलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कुणी येईना. मी शाळेतून यायचे तेव्हा समोरचं दार उघडं असायचं, आत खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि साहेब एकटे टेबलामागे बसलेले असायचे, इस्त्रीचे कपडे घालून. महिना-दोन महिने हे चाललं. मग एक दिवस खुर्च्या घडी करून भिंतीला लावलेल्या दिसल्या. साहेब तरी टेबलामागेच होते.

तेव्हा त्यांच्याकडे एकच बाई आली. भाईंदरच्या इंद्रलोककडची, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला जाणारी. बरोबर तिची मुलगी होती, मंगल, अठरा-एकोणीस वर्षांची. लहानपणी ताप आला, त्यात तिचे दोन्ही डोळे पांढरे पडले होते. बाईला साहेब हरल्याचं माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "डाक्टर म्हणतो डोळा बदलायचा, पण नंबर लागत न्हाई. साहेब, एक चिठ्ठी द्या."

पाच वर्षांत साहेबांनी हजारभर चिठ्ठ्या दिल्या असतील. त्यांनी जुनं लेटरहेड काढलं, 'नगरसेवक'च्या आधी पेनाने 'माजी' लिहिलं आणि चिठ्ठी दिली. नुसती दिली नाही, स्वतः बरोबर मुंबईच्या हॉस्पिटलात गेले. वेळ भरपूर होता. तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने चिठ्ठी वाचली, परत केली आणि म्हणाला, "साहेब, इथे मंत्र्याची चिठ्ठी आणलीत तरी उपयोग नाही. डोळा कुणी मेल्यावर दिला तर मिळतो. लोक देत नाहीत. तुम्ही पुढारी आहात ना? मग लोकांना सांगा."

ही गोष्ट साहेबांनी मला पुढे कितीदा तरी सांगितली. "बाई," ते म्हणायचे, "पहिला मुद्दा असा, की माझी चिठ्ठी बऱ्याच ठिकाणी चालायची नाही. पण त्याचं कारण दर वेळी राजकारण असायचं. इथे कारण खरं होतं."

ते घरी आले ते फॉर्मचा गठ्ठा घेऊनच.

मग जो सुरू झाला तो शंभर टक्के निवडणुकीचा प्रचार. साहेबांना दुसरी पद्धत माहीतच नव्हती. रिक्षाला भोंगा लावून ते फिरले. जुन्या बॅनरच्या मागच्या बाजूला 'नेत्रदान श्रेष्ठदान' असं रंगवून घेतलं. उन्हात बॅनर धरला की पलीकडून बादली दिसायची. घरोघर हात जोडून जायचे. कोपऱ्यावरच्या कांतीभाई किराणावाल्याने त्यांना हात जोडून सांगितलं, "साहब, वोट चाहिए तो ले लो, पूरे घर का ले लो. आँख मत माँगो." साहेब म्हणाले, "कांतीभाई, वोट देके तुमको क्या मिला?" कांतीभाई प्रामाणिकपणे म्हणाला, "कुछ नहीं." "तो फिर? ये देके कम से कम किसी को कुछ मिलेगा."

माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. साहेबांनी वहिनींना सांगितलं, की सगळ्या बायकांना वाण म्हणून एकेक फॉर्म दे. वहिनी म्हणाल्या, "सवाष्णींच्या हातात मेल्यानंतरचे कागद मी देणार नाही. तुम्हाला द्यायचे तर तुम्ही द्या." आणि साहेब आले! तीस-चाळीस बायकांच्या घोळक्यात, पांढऱ्या झब्ब्यात, हातात गठ्ठा. आमच्या सासूबाई सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून बसल्या. साहेबांनी मात्र प्रत्येकीला तिळगुळाबरोबर एकेक फॉर्म दिला. नंतर आमच्या जिन्यात बरेच फॉर्म पडलेले मिळाले. साहेबांनी ते वेचले, झटकले आणि परत खिशात घातले.

लोकांच्या शंकाही असायच्या. लिमये आजींनी विचारलं, "पुढच्या जन्मी आंधळी जन्मले तर?" साहेब म्हणाले, "आजी, आम्ही बौद्ध. पुढच्या जन्माचं खातं आमच्याकडे नाही. या जन्मातलं काही असेल तर विचारा."

पण एक सांगायला हवं. कुणाच्या घरी खरंच माणूस गेलं, की साहेब बदलायचे. मुद्दे नाहीत, वर गेलेला हात नाही. लिमये आजोबा शेवटी गेले तेव्हा मी ते पाहिलं. आजोबांनी मुलांना सांगून ठेवलं होतं, "त्या कासाऱ्याला बोलवा. इतकी वर्षं टपून बसलाय, त्याला निराश करू नका." साहेब आले, डोळे सुकू नयेत म्हणून आधी पंखा बंद केला, उशी उंच केली, कापूस ओला करून आजोबांच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवला. पीसीओवरून आय बँकेला फोन केला. डॉक्टरांकडून दाखला आणला, तिरडीचं सामान आणलं, पुण्याच्या लेकीला कळवलं, आय बँकेची माणसं येऊन गेल्यावर आजोबांचा चेहरा स्वतः पुसला. आजींना धक्का बसेल असं काही दिसायला नको, म्हणून. आणि मग सगळ्यात शेवटी, लांब जाऊन उभे राहिले.

हळूहळू लोक द्यायला लागले. मंगललाही एका डोळ्याने दिसायला लागलं. तो डोळा कुठून आला ते कळलं नाही, ते सांगत नाहीत. तिचं लग्न झालं, ती वसईला गेली, पुढे काही तिचा पत्ता नव्हता. साहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते आता भाषणाला शाळांतून, मंडळांतून जायचे आणि भाषणाचा शेवट ठरलेला असायचा: "मित्रहो, जे मातीत जाणार तेसुद्धा जो दुसऱ्याला देत नाही, त्याच्याइतका स्वार्थी माणूस जगात दुसरा नाही!" यावर टाळ्या यायच्या. मीसुद्धा आमच्या शाळेत त्या वाजवल्या आहेत.

त्यानंतर वहिनी आजारी पडल्या. साखर होतीच, आता किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बोरिवलीला डायलिसिस. साहेबांनी कार्यक्रम घेणं बंद केलं. भात करायला शिकले, तो रोज चिकट व्हायचा. वहिनी खायच्या आणि म्हणायच्या, "आजचा कालच्यापेक्षा बरा आहे." मी दुपारी शाळेतून आले की त्यांच्यापाशी बसायचे.

अशाच एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "बाई, यांनी अख्ख्या मीरा रोडचे फॉर्म भरून घेतले. माझा घेतला नाही. का, माहितीये?"

मी म्हटलं, "त्यांनी गृहीत धरलं असेल."

"तेच," वहिनी म्हणाल्या. आणि साहेब चहाचे कप घेऊन आत आले, तसं त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, "अहो ऐका. माझे डोळे द्यायचे नाहीत."

साहेब कप घेऊन तसेच उभे राहिले.

"पुढच्या जन्माचं वगैरे काही नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांना बोलताना दम लागत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "बाहेरची खोली तुमच्या ऑफिसला गेली. माझ्या रजा तुमच्या प्रचाराला गेल्या. माझं नावसुद्धा तिकिटाला द्यायला निघाला होतात, ते मी वाचवलं. एरवी मी फारसं कधी नाही म्हटलं नाही. आता म्हणतेय. मला जाताना पूर्ण जाऊ द्या."

मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठताही येईना. साहेबांनी कप खाली ठेवले. मला वाटलं आता पहिला मुद्दा येणार. ते एवढंच म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, "चहा पी. निवतोय."

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, वहिनी गेल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात माणसं जमली. साहेबांचा एक जुना कार्यकर्ता होता, सावंत. भला माणूस. साहेबांना या वेळी तरी धावपळ नको, म्हणून त्याने कुणाला न विचारता पीसीओवरून आय बँकेला फोन केला. आमच्या भागातलं एक साप्ताहिक होतं, त्याच्या वार्ताहरालाही कळवलं. मी आत गेले तेव्हा साहेब वहिनींच्या उशाशी बसले होते. वर पंखा चालू होता. मला त्यातच सगळं कळलं.

दीड-दोन तासांनी डॉक्टर आणि त्यांचा सहायक बर्फाची पेटी घेऊन जिना चढून आले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. साहेब उठून दारात आले आणि त्यांनी हात जोडले.

"डॉक्टर, तुम्हाला उगाच त्रास झाला. द्यायचे नाहीत."

डॉक्टर त्यांना चांगले ओळखत होते. त्यांना वाटलं, माणूस दुःखात आहे. ते हळूच म्हणाले, "कासारेसाहेब, वेळ आहे अजून. बसा थोडं. विचार करा."

"विचार झालाय."

"पण तुम्ही तर…"

"हो," साहेब म्हणाले. "दुसऱ्यांना सांगायला सोपं होतं. माझ्यावर आलं तेव्हा धीर झाला नाही. माझीच हिंमत नाही झाली."

मग लिमये आजोबांचा थोरला मुलगा म्हणाला, "साहेब, आमच्या बाबांच्या वेळी तुम्ही आम्हाला काय सांगितलं होतं?" त्याचा आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता. साहेबांनी मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली. मी गप्प बसले.

डॉक्टर पेटी घेऊन जिना उतरले. मग बौद्धाचार्य आले, त्रिशरण-पंचशील झालं, आणि वहिनींना नेलं.

त्या आठवड्याच्या साप्ताहिकात चौकट आली: 'लोका सांगे नेत्रदान!' कांतीभाईने ती कापून काउंटरवर चिकटवली, मग त्यालाच लाज वाटली आणि काढली. शाळांची बोलावणी थांबली. दोन-तीन घरांनी भरलेले फॉर्म परत मागितले, साहेबांनी ते शोधून ज्याचे त्याला नेऊन दिले. जिन्यातून ते खाली बघत उतरायचे.

महिनाभर मी सहन केलं. मग एक दिवस समोर गेले आणि म्हटलं, "साहेब, मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे. वहिनींनीच नको म्हटलं होतं. माझ्यासमोर."

साहेब डाळ निवडत होते. ताट बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, नको."

"का पण? तुम्हाला लोक काय काय बोलतात…"

"मला बोलायची लोकांना सवय आहे. बादलीपासून बोलतायत." मग त्यांनी हातातला डाळीचा खडा टाकून दिला. "मी किती वर्षं भाषणात काय म्हणत आलो? जो देत नाही त्याच्याइतका स्वार्थी कुणी नाही. तुम्हीच टाळ्या वाजवल्यात. आता उद्या तुम्ही सांगितलंत, की ती नाही म्हणाली, तर लोक तिला काय म्हणतील? माझंच वाक्य म्हणतील. त्यांना दुसरं वाक्य मी शिकवलेलंच नाही."

मी डाळीचं ताट ओढून घेतलं आणि निवडायला लागले.

ते भाषण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. हळूहळू ते फॉर्म घेऊन परत जायला लागले, पण आता भोंगा नव्हता. लोक तोंडावर म्हणायचे, "आधी तुमच्या घरचं सांगा." साहेब म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." आणि बसायचे. फॉर्म मिळो न मिळो, दाखला आणायचा असेल तर आणून द्यायचे, स्मशानात लाकडं आहेत का ते बघून यायचे. वर्षभराने लोकांनी विचारणं सोडलं. काहींनी फॉर्मही भरले.

त्याच सुमाराला आमच्या सासूबाई गेल्या. दुपारचं जेवण झालं, आडव्या झाल्या, आणि उठल्याच नाहीत. आमचे हे स्वतः समोर जाऊन साहेबांना घेऊन आले. यांनी सांगितलं, की डोळे द्यायचे आहेत. साहेबांनी लगेच खिशात हात घातला नाही. त्यांनी विचारलं, "आजींनी स्वतः कधी काही म्हटलं होतं?"

हे म्हणाले, "एकदा म्हणाली होती, मेल्यावर काय हवं ते करा, मला विचारायला येऊ नका."

"मग ठीक," साहेब म्हणाले, आणि कामाला लागले.

आय बँकेची माणसं येऊन गेली. नातेवाईक यायचे होते. मी दारातच बसले होते, साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. मग ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, तिचे डोळे घारे होते हो."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आजारपणात कळलं मला. सकाळी खिडकी उघडायचो ना, ऊन यायचं तोंडावर. तेव्हा दिसलं. एकदम फिकट, मधासारखे. म्हटलं, हे कधी झालं? मग लक्षात आलं, की होतेच की. सव्वीस वर्षं होते. घरात इतकी माणसं असायची, मला बघायला सवडच झाली नाही." त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झटकली. "डॉक्टरांना नाही म्हटलं ना मी, तर तिच्या शब्दासाठी म्हटलं, हे खरंच आहे. पण मलाही ते कुणाला द्यायचे नव्हते."

वहिनी घाऱ्या आहेत हे आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'घारी काकू'च म्हणायची. मी साहेबांना ते सांगितलं नाही. म्हटलं, "हो. फार सुंदर होते."

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले, डोळे पुसले आणि पाहुण्यांच्या हातातल्या पिशव्या घ्यायला जिना उतरून गेले.